नागरी वस्तीतील ऊर्जाबचत : वर्ध्याचा वारसा आणि आजचे काम

वर्धा शहरात कुमारप्पा मार्गावर मगन संग्रहालयाची वास्तू आहे. दि. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ज्या परिसरात ती उभी आहे, तो मगनवाडीचा परिसर जमनालाल बजाज यांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघासाठी दिला आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव मिळाले. ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मधील. त्याच्या कामाची धुरा ज्यांनी वाहिली ते डॉ. जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस. ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. तेल, सरपण, बैलाची ताकद, माणसाचे श्रम या सर्वांकडे कुमारप्पांनी जमाखर्चाच्या नजरेने पाहिले. आज आपण ज्याला ऊर्जाबचत म्हणतो, तिचा एक पाठ या जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वीच सुरू झाला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

सन १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात कुमारप्पांनी निसर्गातील साधनसंपत्तीचे दोन प्रकार मानले. कोळसा, खनिज तेल, धातू ही साठ्याची संपत्ती. जितकी काढावी तितकी कमी होणारी. पाऊस, सूर्यप्रकाश, वारा, वनस्पती ही प्रवाहाची संपत्ती; नियम पाळला तर वर्षानुवर्षे मिळत राहणारी. कोणत्याही संसारी माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. मुद्दल खाऊन घर चालत नाही, व्याजावर चालते, हे तो जाणतोच. प्रश्न इतकाच की, विजेचे बटण दाबताना आपण मुद्दल खर्च करतो की व्याज, हे डोळ्यांना दिसत नाही.

वर्धेकरांना तर ते दिसावयास हवे. ज्या नदीच्या नावाने हा जिल्हा ओळखला जातो, तिच्याच खोऱ्यात पुढे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत कोळशाचे मोठे क्षेत्र पसरलेले आहे. शेजारच्या चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. कोळशापासून एक युनिट वीज तयार करण्यास साधारणतः पाऊण किलोपर्यंत कोळसा लागतो आणि त्यातील उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. बाकीची उष्णता धुराड्यातून व थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. केंद्राला पाणीही लागते. सन २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील साठा खालावल्याने चंद्रपूरचे संच बंद ठेवण्याची पाळी आली होती. तेव्हा वर्ध्याच्या एखाद्या वसाहतीतील रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोळसा आणि पाणी दोन्ही खर्च करीत असतो.

मगन चुलीचा धडा

मगनवाडीत झालेल्या प्रयोगांपैकी दोन येथे आठवावेसे वाटतात. मगन दीप हा दिवा रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालावा अशा रीतीने बनविला होता. मगन चूल ही मातीची, बिनधुराची चूल. एकाच विस्तवावर ओळीने मांडलेल्या भांड्यांत स्वयंपाक होई आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जाई. दोन्ही साधनांमागील विचार सारखाच होता : इंधन स्थानिक असावे, कमी लागावे आणि साधन गावातल्या माणसाला घडविता व दुरुस्त करता यावे.

या तिसऱ्या अटीचे महत्त्व पुढे कळले. सन १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर राबविला गेला आणि कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. सन २००२ मध्ये तो केंद्रीय स्वरूपात थांबला तेव्हा त्यांतील फार मोठ्या संख्येच्या चुली वापरात राहिलेल्या नव्हत्या. धुराडे तुंबले तर कोणी साफ करावे, चुलीचे तोंड घरच्या भांड्याला बसत नसेल तर काय करावे, याचे उत्तर गृहिणीजवळ नव्हते. कारण चूल घडविताना तिला विचारलेच नव्हते. उद्दिष्ट पूर्ण झाले, नोंदवहीत आकडा चढला आणि घरातील धूर होता तसाच राहिला. सार्वजनिक कामाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने हा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण एलईडी दिवे आणि सौर पॅनेल यांच्या बाबतीतही तोच प्रसंग येऊ शकतो.

सन १९७० च्या दशकात डॉ. देवेंद्रकुमार यांच्या प्रेरणेने वर्ध्यास ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे राहिले. त्या केंद्राने ही परंपरा घरबांधणीकडे नेली. मातीच्या शंकूसारख्या कौलांची कमानदार छते, बायोगॅस, सुधारित चुली हे त्याचे विषय. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही काम करते. वारसा मोठा आहे, यात शंका नाही. मात्र तो प्रायः खेड्यासाठी मांडला गेला, आणि दरम्यानच्या काळात जिल्ह्यातील फार मोठी लोकवस्ती नागरी झाली.

हद्दीबाहेरचे शहर

सन २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत १,०६,४४४ लोक राहत होते. प्रत्यक्षातील वर्धा शहर याहून बरेच मोठे आहे. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही नावे कागदोपत्री ग्रामपंचायतींची असली, तरी तेथे गेल्यावर दिसतात त्या स्लॅबच्या घरांच्या वसाहती, दुकाने, शिकवणी वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या. रहिवासी नोकरदार, सेवानिवृत्त, व्यापारी, विद्यार्थी. कारभार मात्र सरपंच व ग्रामपंचायत सदस्यांचा.

या स्थितीची तक्रार नेहमी ऐकू येते. ग्रामपंचायतीचे उत्पन्न तोकडे आणि अपेक्षा शहराच्या, ही अडचण खरीही आहे. तरीपण तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. वर्ध्यासारख्या नगरपरिषदेतील नागरिकाला आपल्या गल्लीच्या प्रश्नावर बोलण्यासाठी कायद्याने नेमलेली अशी सभा जवळजवळ नाही. उलट पिपरीच्या किंवा नालवाडीच्या रहिवाशाला ग्रामसभा आहे. पथदिव्यांचे देयक किती आले, पाण्याचा पंप किती तास चालला, हे उभे राहून विचारण्याचा अधिकार त्याला आहे. हा अधिकार किती रहिवासी वापरतात, हा वेगळा प्रश्न. वसाहतीतील सुशिक्षित माणूस ग्रामसभेला जाणे कमीपणाचे मानतो आणि मग चौकात अंधार झाला की, त्रागा करतो, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते.

नागरी समाजविकासाचा विचार आपल्याकडे नवा नाही. ग्रामीण समाजविकास कार्यक्रम दि. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला आणि त्या धर्तीवर सन १९५८ मध्ये दिल्लीत, पुढे बडोदा व हैदराबाद येथे नागरी समाजविकासाचे प्रयोग झाले. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या गरजा ठरवाव्यात आणि शासनाने मदतीला यावे, हे त्यांचे सूत्र होते. ऊर्जेचा प्रश्न या सूत्रात नेमका बसतो, कारण वस्तीच्या विजेपैकी बराच भाग कोणा एका घराच्या अखत्यारीत नसतो.

पथदिवे : एक उदाहरण

हिशेबासाठी शंभर पथदिव्यांची एक वसाहत घेऊ. जुन्या पद्धतीची ४० वॉटची नळी, तिच्या चोकसह, सुमारे ५५ वॉट वीज घेते. रात्री अकरा तास धरल्यास शंभर दिव्यांना रोज साडेसाठ युनिट लागतात. वर्षाला सुमारे २२,००० युनिट. त्या जागी २० वॉटचे एलईडी दिवे बसविले तर रोजचा वापर २२ युनिटांवर येतो. वर्षाला सुमारे ८,०००. बचत १४,००० युनिटांची. येथवरचा हिशेब कोणताही विक्रेता सांगेल.

आता पुढचा भाग. हेच एलईडी दिवे दिवसाही जळत राहिले तर? चोवीस तासांना शंभर दिव्यांचे ४८ युनिट होतात. म्हणजे दिवसरात्र जळणारे नवे दिवे, केवळ रात्री जळणाऱ्या जुन्या नळ्यांच्या सुमारे चार पंचमांश वीज खातात. पैसे खर्च करून बसविलेल्या साधनाची सुमारे दोन तृतीयांश बचत एका बटणावर गेली. भर दुपारी जळणारे पथदिवे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. स्वयंचलित घड्याळ बसविले असले तरी ते बंद पडते, वीज गेल्याने त्याची वेळ चुकते, पावसाळ्यात पेटीत पाणी शिरते. तेव्हा प्रत्येक पेटीसाठी त्या गल्लीतील एका घराची नेमणूक करणे, त्या घराचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिणे आणि बिघाड कळविण्याची जबाबदारी त्या घरावर सोपविणे हा उपाय बिनखर्चाचा आहे. सकाळी फिरावयास निघणारे सेवानिवृत्त गृहस्थ प्रत्येक वसाहतीत असतात. त्यांच्याइतका नियमित निरीक्षक कोणत्याही कार्यालयास पगार देऊन मिळणार नाही.

यात काय पणास लागले आहे, हे सन २०२१ मध्ये दिसून आले. त्या वर्षी थकबाकीपोटी राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांचा पुरवठा खंडित झाला. देयक कोणी भरावे यावर वाद झाला आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ते भरण्याचा मार्ग पुढे आला. निधी तोच; त्यातील जितकी रक्कम दिवसा जळणाऱ्या दिव्यांवर गेली, तितकी नालीला, अंगणवाडीला किंवा शाळेच्या छताला मिळाली नाही.

पाण्यातील वीज

वर्धा शहराला धाम नदीचे पाणी पवनार व येळाकेळी येथून मिळते. नदीचे पाणी उचलावे लागते आणि उचलण्यास वीज लागते. एक हजार लिटर पाणी ४० मीटर उंच चढविण्यास शास्त्रीय हिशेबाने सुमारे ०.११ युनिट पुरते. पंप व मोटारीची कार्यक्षमता निम्मी धरली तर दुप्पट, म्हणजे सुमारे ०.२२ युनिट. पाचशे घरांना रोज अडीच लाख लिटर द्यावयाचे तर ५५ युनिट झाले. नळवाहिनीतून चौथा हिस्सा गळत असेल, तर तेवढेच पाणी पोहोचविण्यास ७३ युनिट लागतील. म्हणून जोडावरची गळती हा विजेचाही विषय आहे.

याहून मोठी उधळपट्टी टिल्लू पंपाची. एका घराने नळाला थेट टिल्लू पंप लावला की, शेजारच्या नळाची धार बारीक होते. शेजारी पंप आणतो. पंधरा दिवसांत सारी गल्ली पंप लावते. वाहिनीत आलेले पाणी तितकेच असते, कोणालाही जास्त मिळत नाही, पण पाचशे घरांचे अर्ध्या अश्वशक्तीचे पंप तासभर चालले तर रोज सुमारे अडीचशे युनिट वीज जळते. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढविण्यासाठी पंप लागतो, त्याविषयी हरकत नाही. थेट नळ ओढणे हे निराळे. ही शर्यत एकट्याने थांबविता येत नाही, कारण जो थांबेल तोच कोरडा राहील. सर्वांनी एकाच दिवशी पंप काढला तरच ती थांबते. आणि त्यासाठी आधी पाणी ठरल्या वेळी व पुरेशा दाबाने येईल, याची हमी ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने दिली पाहिजे. केवळ पंप जप्त करण्याची मोहीम आठ दिवस टिकते.

घर, पंखा आणि ऊन

घरगुती वापरात विदर्भाचा विचार वेगळा करावा लागतो. वर्ध्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पंखा येथे फेब्रुवारी अखेरीपासून दिवाळीपर्यंत चालतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉटचा, तर बीएलडीसी मोटारीचा पंखा सुमारे ३० वॉटचा असतो. तीन पंखे रोज चौदा तास चालले तर जुन्यांना ३.१५ युनिट, नव्यांना १.२६ युनिट. वर्षातील २४० दिवस धरले तर एका घरात सुमारे ४५० युनिटांची बचत होते. शंभर घरांत ४५,००० युनिटांची. घरगुती दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांपुढील दर जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे ही बचत वरच्या, महाग टप्प्यातून होते. दिव्यांची अदलाबदल तर बहुतेक घरांत सन २०१५ नंतर उजाला योजनेमुळे होऊन गेली. पंख्यांकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कूलर हे विदर्भाचे खास साधन. कोरड्या उन्हाळ्यात दीडशे-दोनशे वॉटचा कूलर जे काम करतो, त्यासाठी दीड टनाच्या वातानुकूलन यंत्रास दीड हजार वॉटच्या आसपास वीज लागते. पण कूलर खोली बंद करून लावला की, दमट हवा कोंडते, गारवा मिळत नाही आणि कूलर निरुपयोगी आहे, असा समज होतो. समोरची खिडकी उघडी ठेवणे, वाळ्याच्या टट्ट्या वेळेवर बदलणे एवढ्याने फरक पडतो.

तथापि उष्णता मुळात घरात शिरू न देणे हे अधिक शहाणपणाचे. सेवाग्रामची बापू कुटी पाहावयास गेलेला विद्यार्थी साधेपणा पाहतो. त्याच्या शिक्षकाने त्याला जाड मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि सभोवारची ओसरी दाखवून त्यांचे कारणही सांगावे. आपल्या वसाहतींनी स्लॅब स्वीकारला आणि ओसरी सोडली. आता स्लॅब काही पाडता येणार नाही. पण त्यावर चुन्याचा पांढरा हात मारता येतो. पांढऱ्या छतामुळे खोलीतील तापमान साधारणतः दोन ते पाच अंशांनी कमी राहू शकते. अहमदाबादने सन २०१३ मध्ये उष्माघात प्रतिबंधक आराखडा केल्यानंतर तेथे गरीब वस्त्यांत हे काम झाले. वर्ध्यात चुन्याची पोती एकत्र आणून, एका रविवारी एका गल्लीतील सर्व छते रंगविणे तरुण मंडळांना सहज जमण्यासारखे आहे. टिनाच्या पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबापासून सुरुवात करावी. त्याच्याकडे कूलर नसतो. त्याच्या दृष्टीने तो वीजबचतीचा विषय नसून लहान मुलाच्या झोपेचा आणि म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचा आहे. शहरातील हनुमान टेकडी व आयटीआय टेकडी येथे नागरिकांनी झाडे वाढवून दाखविली आहेत. तीच चिकाटी वसाहतीच्या रस्त्यांच्या पश्चिमेकडील बाजूस हवी, कारण भिंती तापतात त्या दुपारनंतरच्या उन्हाने.

सामुदायिक शिस्तीचे दोन दाखले

लोक एकत्र येऊन विजेचा वापर आवरतील, हे अनेकांना खरे वाटत नाही. महाराष्ट्रात ते घडलेले आहे. भारनियमनाचा काळ ऐन भरात असताना, सन २००५ मध्ये महावितरणने अक्षय प्रकाश योजना सुरू केली. संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत गावाने पंप, गिरण्या, शेगड्या बंद ठेवावयाच्या, आकडे काढावयाचे. भार मर्यादेत राहिला तर दिवे व पंखे यांना अखंड वीज मिळावयाची. एकाने शब्द मोडला तर साऱ्या गावाचा प्रकाश जाण्याचा धोका होता, आणि म्हणूनच शब्द पाळला गेला. ज्यांना आकडे काढावयास अभियंत्यांना पोलीस बोलवावे लागत, तेथे गावकऱ्यांनीच ते काढले. परीक्षेचा अभ्यास करणारी मुले घराघरांत होती, हे त्यामागचे खरे कारण असावे. पुढे गावठाणाची वीजवाहिनी शेतीपंपांपासून वेगळी करण्याचे काम झाले आणि योजनेची गरज उरली नाही.

दुसरा दाखला शेजारच्या नागपूरचा. तेथे महानगरपालिका व एका स्वयंसेवी संस्थेने पौर्णिमा दिवस सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ या वेळात एखाद्या चौकातील दुकानदार व रहिवासी अनावश्यक दिवे मालवितात. तासाभराने वाचणारी वीज थोडीच, हे उघड आहे. परंतु स्वयंसेवक दुकानादुकानांत जाऊन बोलतात, तेव्हा फलकावरचे कोणते दिवे रोजच अनावश्यक आहेत, याचीही चर्चा होते.

सूर्याकडे जाण्यापूर्वी

घरांच्या छतांवरील सौर संचांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने योजना जाहीर केली. तीत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवले. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळे छत लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराने आधी पंखे बदलून तो दोनशेच्या खाली आणला, तर लहान संच पुरतो. उलट क्रमाने गेल्यास मोठा संच घेतला जातो, देयक शून्यावर येते आणि त्या आनंदात वातानुकूलन यंत्र घरी येते. हे चित्र आता विरळ राहिलेले नाही.

या जिल्ह्यात सौर साधने केवळ विकत घेतली जातात असेही नाही. देवळी तालुक्यातील कवठा (झोपडी) येथे बचत गटांतील महिलांच्या सहकारी संस्थेने, मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, सन २०१८ च्या सुमारास सौर पॅनेल तयार करण्याचे काम उभारले. राजस्थानातील डुंगरपूरच्या महिलांचा प्रयोग त्यांच्यापुढे होता. साधन बिघडले तर दुरुस्ती जाणणारी माणसे चाळीस किलोमीटरांच्या आत असणे, हे मगन चुलीच्या तिसऱ्या अटीशी जुळते.

एक अडचण मात्र कोणत्याही योजनेत नीटशी सुटलेली नाही, ती भाडेकरूची. सावंगीसारख्या ठिकाणी हजारो विद्यार्थी भाड्याने राहतात. पंखा घरमालक विकत घेतो, देयक भाडेकरू भरतो. मालकाला महाग पंखा घेण्यात लाभ दिसत नाही आणि दोन वर्षांनी जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर मुळीच नाही. ग्रामपंचायतीने वसतिगृहे व भाड्याच्या खोल्यांच्या मालकांची एक बैठक घ्यावी आणि पंख्यांची एकत्र खरेदी सुचवावी. शंभर-दोनशे नगांना घाऊक दर मिळतो आणि मालकाचा वाढीव खर्च घटतो. वाढीव खर्चाचा थोडा भाग भाड्यात धरला, तरी भाडेकरूच्या देयकात होणारी घट त्याहून जास्त राहते.

सन २०२० च्या २ ऑक्टोबरपासून राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात पंचतत्त्वांपैकी ‘अग्नी’ या सदराखाली ऊर्जेचे काम मोजले जाते. त्यासाठी आकडे लागतात, आणि ते शाळेतून मिळू शकतात. इयत्ता आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराच्या मीटरचा आकडा महिन्याच्या एकाच ठरलेल्या तारखेला वहीत लिहावा. त्याच दिवशी दोन विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह पथदिव्यांच्या मीटरचा व पाणीपुरवठ्याच्या पंपाचा आकडा घ्यावा. ग्रामपंचायतीने देयकाच्या प्रती शाळेस द्याव्यात, म्हणजे मीटरचा आकडा व देयकाचा आकडा ताडून पाहता येईल. सरासरीने लावलेली देयके याच वेळी उघडकीस येतात. पहिली नोंद फेब्रुवारी अखेरची घ्यावी. पंखे व कूलर लागण्यापूर्वीचा वापर एकदा हाती आला की, एप्रिल व मे यांची वाढ त्याच्याशी ताडता येते, आणि १ मेच्या ग्रामसभेपुढे निदान दोन महिन्यांचा फरक ठेवता येतो.